लंगोटावर कुणाचं नाव?

जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात पैलवान मिळतो. वीतभर उंचीचा, प्लॅस्टिकचा, दंड फुगवलेला. कोपरात वाकतो, गुडघ्यात वळतो. खोक्यावर तीन मोठी अक्षरं असतात: डब्ल्यू डब्ल्यू ई. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यातलं पहिलीतलं पोरही ती अक्षरं लांबून ओळखतं.

त्याच पोराला विचारा, भीमा ओलांडून करमाळा तालुक्यात गेलं की खडकी नावाचं गाव लागतं, तिथला कुठला पैलवान २०१८ साली महाराष्ट्र केसरी झाला? पोर गप्प बसेल. त्याचे वडीलही बहुधा गप्प बसतील. बाला रफिक शेख हे ते नाव. शेजारच्या तालुक्यातला पैलवान आहे. साता समुद्रापलीकडचा अंडरटेकर पाठ आहे, नदीपलीकडचा बाला रफिक माहीत नाही.

यात पोराचा दोष नाही. आपण जे हातात दिलं ते त्याला पाठ झालं. आधीच्या पिढीने ट्रम्प कार्ड खेळत परदेशी पैलवानांची उंची, वजन, छाती, दंड घोकून ठेवले. श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले, गणपतराव आंदळकरांनी १९६० साली तो किताब घेतला, मारुती माने १९६४ साली. यांची पत्त्यांची जोडी कुणी छापून आपल्या हातात दिली नाही. म्हणून ती नावं म्हाताऱ्यांच्या पारावर राहिली आणि पोरांच्या दप्तरात शिरली नाहीत.

आजचा विषय हाच. पैलवानाच्या अंगावर, त्याच्या खेळण्यावर, त्याच्या मैदानावर खूण कुणाची असते, आणि त्या खुणेचा पैसा कुणाच्या ताटात पडतो.

*

आधी डब्ल्यू डब्ल्यू ई या अमेरिकी कुस्ती-कंपनीचा धंदा समजून घेऊ, कारण तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेत एलजेएन नावाच्या कंपनीने १९८४ साली रबरी पैलवान बाजारात आणले. १९९० ला हॅस्ब्रोने ते काम घेतलं, पुढे जॅक्स पॅसिफिकने, आणि २०१० पासून बार्बीवाल्या मॅटेलने. कंपन्या बदलल्या, पैलवान तेच राहिले. प्रत्येक वेळी नवा करार झाला आणि प्रत्येक करारात कोणतं नाव, कोणतं चित्र, कोणती खूण छापायची हे लिहून ठेवलं गेलं.

हे लिखापढीचं वेड कुठवर जातं पाहा. हल्क होगन हा त्या रिंगणातला सगळ्यात मोठा चेहरा. पण ‘हल्क’ हे नाव मार्व्हल या चित्रकथावाल्या कंपनीचं. म्हणून १९८४ च्या करारानुसार त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालातला वाटा मार्व्हलला द्यावा लागला आणि त्याच्या प्रत्येक कुस्तीमागे १०० डॉलर वेगळे. माणूस रिंगणात घाम गाळत होता आणि नावाचं भाडं दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात जमा होत होतं.

दुसरी गोष्ट त्या तीन अक्षरांची. आधी ती डब्ल्यू डब्ल्यू एफ होती. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या, पांड्याची खूण असलेल्या संस्थेचीही अक्षरं तीच. संस्था कोर्टात गेली, जिंकली, आणि मे २००२ मध्ये कुस्तीच्या कंपनीला नाव बदलावं लागलं. जुन्या चित्रफितींमधली खूण पुढे कित्येक वर्षं पुसट करून दाखवावी लागत होती. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ‘डब्ल्यू डब्ल्यू एफ’च म्हणतात, कोर्टाचा निकाल जिभेपर्यंत पोचलेला नाही.

तिसरी गोष्ट ब्रॉक लेस्नरची. त्याच्या चड्डीवर जिमी जॉन्स या सँडविच विकणाऱ्या दुकानाची खूण रिंगणात दिसायची. आता त्याचं खेळणं करायचं झालं की प्रश्न येतो: पैलवानाच्या चेहऱ्याचा परवाना एकाकडून, सँडविचवाल्याच्या खुणेचा परवाना दुसऱ्याकडून. परवाना नसेल तर खेळण्याची चड्डी कोरी ठेवावी लागते. आणि २०२४ मध्ये तर रिंगणाच्या मधोमध, जिथे पैलवान आपटतो तिथेच, प्राइम या पेयाची खूण आली.

हा धंदा काही पुण्याईचा नाही. त्या कंपनीच्या लेखी तिथले पैलवान कर्मचारी नाहीत, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत, आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. पण एक गोष्ट तिथे आहे. ज्याच्या चेहऱ्याचं खेळणं विकलं जातं, त्याला विक्रीतला वाटा मिळतो. हिमाचलच्या खेड्यातला, पंजाब पोलिसांत नोकरी केलेला दलीपसिंग राणा ‘ग्रेट खली’ झाला, २००७ साली त्यांचा जागतिक विजेता झाला, त्याचं खेळणं निघालं. भारतातल्या खेड्यातला गडी खेळण्याच्या खोक्यात जाऊ शकतो हे त्याने सिद्ध केलं. जायला रस्ता मात्र अमेरिकेवरून होता.

*

आता आपल्याकडे या.

आपल्या गावजत्रेच्या कुस्त्यांचा फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान.’ वर देवाचा फोटो. त्याखाली नेत्यांचे फोटो, मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरत्या क्रमाने. मग सौजन्य: सोन्याचं दुकान, ट्रॅक्टरचं शोरूम, खताची कंपनी, प्लॉटिंगवाला, दवाखाना. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या फोटोत ते दोघे, जे प्रत्यक्ष मातीत उतरणार आहेत. कधी नाव चुकीचं, कधी वस्तादांचं नावच नाही.

ज्याच्या अंगाकडे बघायला पाच हजार माणसं जमणार त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. हे मला चीड आणणारं वाटतं आणि मी ते मोठ्याने म्हणणार.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली. विजेत्याला थार गाडी मिळाली, उपविजेत्याला ट्रॅक्टर. बक्षीस मोठं आहे, चांगलं आहे, पैलवानाला मिळालंच पाहिजे. गाडीवाल्यांनाही दोष नाही. त्यांचं नाव त्या दिवशी महाराष्ट्रभर झालं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

माझा प्रश्न बक्षीस मिळालं नाही त्या तालमीचा आहे. त्या गदेसाठी राज्यभरातून शेकडो पोरं उतरतात. प्रत्येकाच्या मागे एक घर असतं, जे बदाम, तूप, दूध, फळं यांवर महिन्याला हजारो रुपये घालतं. कुणी म्हैस विकून, कुणी उसाच्या बिलातून, कुणी सोसायटीचं कर्ज काढून. गुडघ्याची दोरी तुटली की ऑपरेशनचा खर्च त्याच घराच्या माथी. स्पर्धेच्या चार दिवसांत खुणा झळकतात. उरलेलं वर्ष पैलवान एकटा असतो आणि त्याचा बाप एकटा असतो.

फायनलच्या दिवशी पैलवानाच्या शेजारी उभं राहायला सगळ्यांना आवडतं. पहाटे चारला तालमीत त्याच्यासोबत कुणाची खूण उभी असते, ते सांगा.

*

खूण लावण्यावरून पैलवानाला शिक्षा होते, हेही आपण पाहिलं आहे.

टोकियो ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, भारतीय कुस्ती महासंघाने विनेश फोगाटला तात्पुरतं निलंबित केलं. बेशिस्तीचे जे आरोप होते त्यांत एक असा: संघाचा अधिकृत पुरस्कर्ता ‘शिव नरेश’ असताना तिने मॅटवर ‘नायकी’चा कॉस्च्युम घातला. छातीवरची खूण कुणाची, हा देशाच्या अव्वल कुस्तीगीर मुलीच्या निलंबनाचा एक मुद्दा ठरला.

ऑलिंपिकचा स्वतःचा नियम तर फार कडक आहे. सनदेच्या ५० व्या नियमाप्रमाणे मैदानात जाहिरातीला जागा नाही. कपडे बनवणाऱ्याची छोटीशी खूण तेवढी चालते. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर पैलवान जवळजवळ कोऱ्या अंगाने उतरतो. तरी त्या बोटभर खुणेवरून एवढं रामायण.

खुणेला एवढी किंमत असेल तर खूण वाहणाऱ्या अंगाला किती असायला हवी? करार महासंघ करतो, अंग पैलवानाचं वापरलं जातं. करारात पैलवानाचा वाटा किती, हे त्याला सही करण्याआधी मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत समजलंच पाहिजे.

*

आणि खाशाबा. यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी. पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी हातभार लावला, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि नंतर खाशाबांनी कुस्त्या खेळून प्राचार्यांचे पैसे फेडले.

घर गहाण टाकणाऱ्या त्या माणसाने पैलवानाच्या अंगावर स्वतःचं नाव लिहून घेतलं नाही. पुरस्कर्ता असा असतो. ज्यांना ज्यांना म्हणून कुस्तीच्या फ्लेक्सवर फोटो हवा असतो त्यांनी हे सात हजार रुपये आठवावेत.

पुढची गोष्टही ऐका. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. आणि १५ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या जयंतीला, गूगलने आपल्या नावाच्या जागी खाशाबांचं चित्र लावलं. जगातल्या बलाढ्य कंपनीने एक दिवस आपली खूण बाजूला सारून गोळेश्वरच्या पैलवानाला तिथे उभं केलं. आता महाराष्ट्र तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. हे व्हायला सत्तर वर्षं लागली. आजच्या पैलवानाला सत्तर वर्षं थांबवू नका.

*

खूण म्हणजे वाईटच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यांनी एक रीत घालून दिली आहे. कागलचा शाहू कारखाना, कुंभी-कासारी कारखाना, असे कारखाने स्पर्धा घेतात, वजनगटांतून पोरं निवडतात आणि त्यांना मानधन देतात. ‘मानधनधारक मल्ल’ म्हणतात त्यांना. वारणानगरच्या मैदानात तर किताबांनाच संस्थांची नावं आहेत: साखर शक्ती, दूध संघ शक्ती. संस्थेचं नाव पैलवानाला चिकटतं, पण त्याआधी पैलवानाच्या पोटात काहीतरी गेलेलं असतं. हा सौदा मला मान्य आहे. आधी खुराक, मग खूण.

आपला भागही उसाचाच. शहाजीनगरला नीरा-भीमा कारखाना, बिजवडीला कर्मयोगी, भवानीनगरला छत्रपती, बारामतीकडे माळेगाव. दूध तर घराघरांत. इथल्या प्रत्येक कारखान्याने आणि दूध संघाने आपल्या हद्दीतल्या तालमी मोजाव्यात, पोरं निवडावीत, वर्षभराचं मानधन ठरवावं आणि मगच जत्रेच्या फ्लेक्सवर आपला शिक्का लावावा. जे आधीपासून देत असतील त्यांनी ते आकडे गेटवर लावावेत, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटेल.

*

आणि खेळणं? ते आपणच केलं पाहिजे.

दुकानातला तो प्लॅस्टिकचा पैलवान नेहमी मुठी आवळून उभा असतो, कारण त्याला ठोसे मारायचे असतात. आपला पैलवान असा उभा राहत नाही. तो मातीला हात लावून कपाळाला लावतो, मांडीवर हात मारून शड्डू ठोकतो, सलामी देतो, मग पवित्रा घेतो. त्याच्या कमरेला लंगोट असतो, कानाची पाळी चुरगाळलेली असते, अंगाला तांबडी माती लागलेली असते. असा पैलवान खेळणं म्हणून बाजारात यावा. सांधे असे फिरावेत की पोराला दोन पैलवान घेऊन ढाक लावता यावी, घिस्सा मारता यावा, धोबीपछाड घालता यावी, कलाजंगवर उचलता यावं. खोक्यात डावाचं चित्र असलेलं पान असावं. खेळता खेळता पोर कुस्ती शिकेल.

खेळण्यात मुलगीही हवी. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुलींच्या हातात बाहुली देताना एक बाहुली शड्डू ठोकणारी असू द्या.

त्या खेळण्यावर कोणत्या खुणा असाव्यात, तेही सांगतो. पहिली आयएसआयची. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, तरी जत्रेतल्या कितीतरी खोक्यांवर ती शोधून सापडत नाही. परदेशी कंपनीची तीन अक्षरं मात्र नकली का होईना, ठळक छापलेली असतात. आई-वडिलांनो, खोकं हातात घेतलं की आधी आयएसआय बघा, पैलवान नंतर बघा. दुसरी खूण पैलवानाच्या नावाची आणि गावाची, त्याच्या लेखी परवानगीने, विक्रीतल्या त्याच्या वाट्यासकट. तिसरी तालमीची आणि वस्तादांची. यापलीकडे चौथी खूण लावायची असेल तर तिचे पैसे घ्या आणि तालमीला द्या. तंबाखू, दारू, पानमसाला यांचं नाव मात्र पैलवानाच्या आसपास फिरकता कामा नये. मैदानावर नाही, फ्लेक्सवर नाही, आडून छापलेल्या ‘वेलची’च्या पुडीवरही नाही. पोरं पैलवानाकडे बघून अंग कमवायला शिकतात. त्याच नजरेला पुडी दाखवणं हा गुन्हा आहे.

हे खेळणं करणारे हातही आपल्याकडे आहेत. सावंतवाडीचे चितारी पिढ्यानपिढ्या लाकडाची फळं, बैल, बाहुल्या रंगवत आले आहेत. त्यांच्या लेथवर पैलवान सहज उतरेल.

एक अडचण मात्र घरातलीच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला मोहोळच्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली, आणि धाराशिवला शिवराज राक्षेने दुसरी गदा घेतली. दोन्ही पैलवान अस्सल, दोघांचाही घाम खरा. पण संघटना दोन झाल्या आणि किताबाचे दोन तुकडे झाले. मामासाहेब मोहोळांच्या काळात १९५३ साली कुस्तीगीर परिषद उभी राहिली ती पैलवानाला एक छत्र मिळावं म्हणून. छत्राखालच्या भांडणात पैलवान भिजतो. उद्या कुणी पैसे घेऊन आलं, ‘महाराष्ट्र केसरी’ नावाने खेळणं काढू म्हणालं, तर तो करार कुणाशी करायचा? संघटनांनी आधी याचं एक उत्तर द्यावं. किताब एक, परिषद एक, करार एक.

*

शेवटी थेट यात्रा कमिटीवाल्यांशी बोलतो. बावड्याच्या, नरसिंहपूरच्या, सराटीच्या, अख्ख्या इंदापूर-बारामतीच्या.

वर्गणीची पावती फाडताना पुढच्या वेळी देणगीदाराला एक वाक्य जास्त बोला: “शेठ, तुमचं नाव फ्लेक्सवर लावतो, पण त्यातले निम्मे पैसे मैदान झाल्यावर गावच्या तालमीच्या खात्यात जातील.” चांगला देणगीदार खूश होईल. जो मागे हटेल, त्याची खूण नव्हतीच लावण्यासारखी.

फ्लेक्स लावताना पैलवानांचे फोटो वर घ्या, पुढाऱ्यांचे खाली. वस्तादांचं नाव जाड अक्षरात. प्रत्येक देणगीदाराच्या नावाशेजारी लिहा, त्याने कोणत्या तालमीतल्या किती पोरांचा वर्षाचा खुराक उचलला. ज्याने काहीच उचलला नाही त्याच्या नावापुढची जागा रिकामी ठेवा. जमलेले लोक ती रिकामी जागा वाचतील, आणि पुढच्या जत्रेला तोच देणगीदार स्वतःहून तालमीत येऊन विचारेल, “वस्ताद, पोरांना काय लागतं?”